घरच्या घरी सुतारकाम: आधी कोणती हत्यारं घ्यावीत?

गॅलरीतला_सुतार
नमस्कार मंडळी. सिंहगड रोडवर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. वॉशिंग मशीन आत हलवल्यामुळे ड्राय बाल्कनी मोकळी झाली, साडेसहा फूट बाय साडेतीन, आणि ती घरच्यांनी मला देऊन टाकली आहे. लहानपणापासून लाकूडकामाची हौस होती, जागा कधी मिळाली नाही. आता तीन कामं डोळ्यासमोर आहेत: लेकीसाठी अभ्यासाचं बैठं टेबल, स्वैपाकघरात दोन फळ्या, आणि आईसाठी पूजेला बसायला स्टूल. गुडघ्यांमुळे तिला पाटावर बसता येत नाही, आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पूजा करायला तिला आवडत नाही.

हाताशी १२ हजार रुपये आहेत. एका दुकानात शंभर नगांची पेटी दाखवली, त्यात ड्रिल, हातोडी, पाने, बिटं सगळं. दुसऱ्या दुकानदाराने सांगितलं की चार इंची ग्राइंडर (लोखंड कापायचं-घासायचं हातातलं यंत्र) घ्या आणि त्याला लाकूड कापायचं पातं लावा, कापणं-घासणं सगळं एकातच होईल. आधी यंत्रं घ्यावीत की हाताची हत्यारं? ज्यांनी घरात खरोखर काम केलंय त्यांनी सांगा.

बोहरी_आळी
पेटी घेऊ नका. माझ्याकडे अशी पेटी नऊ वर्षं आहे. त्यातली पंधराएक हत्यारं वापरात आली, आणि त्यातली निम्मी पहिल्या वर्षातच बदलावी लागली. डिसमिसचं टोक मऊ, स्क्रू जरा घट्ट असला की टोकच पिळवटायचं आणि स्क्रूची खाच खाऊन टाकायचं. त्याच पैशात तीन चांगले डिसमिस, एक पक्कड आणि एक हातोडी येते. पक्कड-पाने नाशिकच्या सातपूरचे टपारियाचे घ्या, माझ्याकडे वडिलांच्या वेळची पक्कड अजून रोज हातात असते.

रविवार पेठेत बोहरी आळीत एकदा सकाळी सकाळी जा, गर्दी व्हायच्या आत. दुकानदाराला "काय घेऊ" विचारू नका. "अमुक काम करायचंय" एवढं सांगा. जुनी मंडळी आहेत, नीट सांगतात.

उद्यमनगर_कोल्हापूर
ग्राइंडरला लाकडाचं पातं, हे वाचून बाकीचं बाजूला ठेवून लिहितोय. दादा, ते करू नका. विकत घेणार असलात तर थांबा, घेतलं असलं तर परत करा.

कारण सांगतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. हिशेब करून बघा, चकतीच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात जातो. लोखंड कापायची चकती घासत कापते. दातांचं पातं लाकडात घुसतं, आणि लाकूड कापता कापता मिटायला लागलं की दात तिथं अडकतात. मग पातं थांबतं आणि यंत्र उसळतं. लाकडाच्या गोल करवतीला खाली सपाट तळ असतो, तो लाकडावर टेकलेला असतो, शिवाय पात्याला खालून मिटणारं झाकण असतं. ग्राइंडरला यातलं काही नाही. उसळला की तो तुमच्याकडेच येतो.

माझ्या चुलतभावाच्या मांडीत असा गेला होता. दरवाजाची कड फक्त पाव इंच कापायची होती, आणि गार्ड, म्हणजे चकतीवरचं अर्धं झाकण, आड येतं म्हणून काढून ठेवलेलं. चौदा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं आत गेलं असतं तर शीर होती. आता तो चालतो, पण जिना उतरताना त्याचा पाय अजून अडखळतो. माझ्या दुकानात दिवसभर ग्राइंडर चालतात, लोखंडावर. लाकडावर एकही नाही.

मीनल_ठाणे
उद्यमनगर दादांना पूर्ण अनुमोदन.

सागवानी
मी दहा वर्षं ग्राइंडरवर लाकडाचं पातं वापरतोय. दोन्ही हातांनी धरलं आणि घाई केली नाही तर काही होत नाही. प्रत्येक यंत्राला घाबरत बसलं तर कामं व्हायची नाहीत.

उद्यमनगर_कोल्हापूर
सागवानी दादा, तुमचा हात बसलाय, तुमच्याशी भांडत नाही. पण धागा काढणाऱ्यांचा हात अजून बसायचाय, आणि साडेतीन फुटांच्या गॅलरीत मागं सरकायलाही जागा नाही. माझा भाऊसुद्धा सात वर्षं वापरत होता.

सागवानी
गॅलरीचा मुद्दा मान्य. नवख्याने घेऊ नये हेही मान्य.

मीनल_ठाणे
मी सुतारकाम करत नाही, पण घरातलं भिंतीचं काम सगळं मीच करते. पडद्याचे रॉड, गिझर सोडून सगळं. तुमच्या फळ्यांसाठी ड्रिल लागणारच, तर तेवढं नीट समजून घ्या.

विटांच्या भिंतीला साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं, १३ मिमी चकचं, म्हणजे १३ मिमीपर्यंतचं बिट धरणारं घ्या. खिडकीवरच्या बीममध्ये मात्र तेच ड्रिल अर्धा तास किंचाळत बसतं आणि भोक पडतं अर्धा इंच. माझं बिट लाल होऊन टोकाची टिकली गळून पडली तेव्हा कळलं. बीम-कॉलमला रोटरी हॅमर लागतो, त्याची बिटं वेगळी असतात, मागे खाचा असलेली. तो विकत घेऊ नका, वर्षातून दोनदा लागतो. भाड्याने मिळतो, नाहीतर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून आणा.

आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली कधीही भोक पाडू नका, वायरचा पाइप तिथूनच गेलेला असतो.

गॅलरीतला_सुतार
मीनलताई, आमची इमारत नवी आहे. भिंत विटांची आहे की कशाची हे बाहेरून कसं ओळखायचं?

मीनल_ठाणे
पहिलं भोक बारीक बिटाने पाडा आणि खाली कागद धरा. लाल भुकटी आली तर वीट. करडी भुकटी आणि बिट पुढे जाईना, तर काँक्रीट. पांढुरकी, पिठासारखी भुकटी आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटचा हलका, सच्छिद्र ठोकळा. नव्या इमारतींत हेच जास्त दिसतात.

एएसीत ड्रिलचं हॅमरचं (ठोके मारायचं) बटण बंद ठेवून भोक पाडा, नाहीतर भोक फाकतं. स्क्रूसाठी भोकात बसवतात तो साधा प्लास्टिकचा प्लगही त्यात धरत नाही, ब्लॉकसाठीचा रुंद पंखांचा वेगळा मिळतो, तो मागून घ्या. आमच्या शेजारी साध्या प्लगवर मसाल्याच्या डब्यांची फळी लावली होती. पाचव्या महिन्यात रात्री दोन वाजता खाली. सकाळपर्यंत अख्ख्या मजल्याला हळदीचा वास होता.

कोकणी_फणस
रत्नागिरीहून लिहितो. वडील सुतार होते, मी बँकेत गेलो, पण त्यांची पेटी माझ्याकडे आहे. त्यांची हत्यारं सांगितली तर आज मोजायला बोटं पुरतील: दोन करवती, गुळगुळीत करायला रंधा, कोरायला तीन पटाशा, एक किकरं, काटकोन बघायला गुण्या, समांतर रेघ ओढायला खतावणी, तासायला वाकस, भोकं पाडायला गिरमिट. एवढ्यावर त्यांनी फणसाची कपाटं आणि सागाचे झोपाळे केले.

तुम्ही विचारलंत, यंत्रं आधी की हत्यारं. मी म्हणेन, निसणा आधी, म्हणजे धार लावायचा दगड. बाजारातली कुठलीही पटाशी दुकानातून येते तेव्हा ती कापायच्या लायकीची नसते. नवशिके ती तशीच लाकडाला लावतात, लाकूड चेंगरतं, मग जोर लावतात, पटाशी सटकते आणि हातात जाते. हाताला लागतं ते बहुतेक वेळा बोथट हत्यारानेच.

दगड नसला तरी चालेल. काचेच्या दुकानातून दहा मिमी जाडीचा तुकडा आणा, कडा घासून घ्या. त्यावर पाण्याने वॉटर पेपर (ओला चालणारा पॉलिश पेपर) चिकटवा, आधी २२० नंबरचा, मग ४००, मग १०००. पहिल्यांदा पटाशीची पाठ सपाट करा, टोकाकडचा इंचभर आरशासारखा झाला पाहिजे. मग धारेकडचा उतार. कोन मोजायचं यंत्र लागत नाही, पटाशीच्या जाडीच्या दुप्पट लांबीचा उतार ठेवला की ३० अंश होतात. एकाच कोनात मागेपुढे घासत राहायचं. पाठीवरून अंगठा टोकाकडे सरकवला की कडेला केसाएवढा खडबडीत काठ लागला पाहिजे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो लागला म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. मग पाठ एकदा हलकेच फिरवून तो काठ मोडायचा.

झालं की नाही कसं बघायचं? फळीच्या कापल्या टोकावर, जिथे तंतू उभे दिसतात तिथे, पटाशी हाताने ढकला. ढलपी सलग निघाली आणि मागची जागा चकाकली तर झालं. पांढरी, भुरभुरीत राहिली तर परत काचेवर. वडील हे मला दहाव्या वर्षी करायला लावायचे, रोज शाळेतून आल्यावर एक पटाशी. तेव्हा राग यायचा.

बोहरी_आळी
फणसदादा, हा प्रतिसाद छापून भिंतीला लावतोय. जाडीच्या दुप्पट हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

वऱ्हाडी_ठोकळा
किकरं म्हणजे काय जी? आमच्याकडे हा शब्द नाही ऐकला.

कोकणी_फणस
खोल खाच पाडायची अरुंद, जाड पटाशी. साधी पटाशी खाचेत तिरकी दाबली तर मोडते, किकरं मोडत नाही.

पावसाळी_पेण
गंजाचं कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे जूनमध्ये पेटीत ठेवलेला रंधा सप्टेंबरात तांबडा होऊन निघतो. खोबरेल लावलं तर चिकट राप बसतो. काय करता?

कोकणी_फणस
खोबरेल नको, शिवणयंत्राचं तेल. जुन्या सुती धोतराच्या चिंधीला थेंबभर, आणि हत्यार ठेवताना दरवेळी पुसायचं. पेटीत कापराच्या दोन वड्या. हत्यारं कधीही फरशीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायची नाहीत.

राइनकाठची_रमा
मी जर्मनीत असते, अपार्टमेंटमध्ये. इथे रविवारी ड्रिल चालवणं बंद, सुट्टीच्या दिवशीही. नोकरी करणाऱ्याला वेळ नेमका रविवारीच! त्यामुळे मला नाइलाजाने हाताच्या हत्यारांकडे वळावं लागलं आणि आता त्यांच्याच प्रेमात आहे.

तुमच्या जागेसाठी एक सुचवते: जपानी पद्धतीची करवत. ती ओढताना कापते. आपली नेहमीची ढकलताना कापते, म्हणून तिचं पातं जाड ठेवावं लागतं, नाहीतर वाकेल. ओढायची करवत ताणली जाते म्हणून पातळ चालते, काप बारीक पडतो आणि जोर कमी लागतो. शेजाऱ्यांना आवाजही कळत नाही. भारतातही ऑनलाइन मिळते.

कोकणी_फणस
रमाताई, करवत उत्तम आहे, पण त्यातल्या बहुतेकांचे दात इतके कडक केलेले असतात की कानस लागत नाही. धार गेली की पातं बदला. आपली करवत तीनधारी कानशीने घरी घासता येते, आणि कानशी तर आमच्या रत्नागिरीतच बनतात, जेके फाइल्सचा कारखाना इथे आहे.

राइनकाठची_रमा
खरं आहे, मी दोन वर्षांत एक पातं बदललं. पण पहिल्याच दिवशी सरळ काप पडला, तो आनंद मला आपल्या करवतीने सहा महिन्यांनी दिला असता. नवीन माणसाला तो आनंद लवकर मिळाला पाहिजे, नाहीतर तो सोडून देतो.

कोकणी_फणस
हे पटलं.

मेकॅनिकल_ब्रँच
सगळे कापण्याबद्दल बोलताहेत. धरणार कशाने? कामाच्या वेळी लाकूड हललं की चांगली करवतही वाकडी जाते आणि चांगली पटाशीही घसरते. मी पहिलं वर्ष पलंगाच्या कडेवर गुडघ्याने फळी दाबून कापत होतो. १२ हजारांतले तीन हजार धरण्यावर घालवा: चार एफ क्लॅम्प (फळी टेबलाला आवळून धरायला) आणि एक व्हाइस (लाकूड जबड्यात पकडायला). गॅलरीच्या भिंतीला घट्ट बसवलेली जाड फळी, खाली दोन पाय, झालं टेबल. उंची तुमच्या मनगटाएवढी. ते हललं नाही पाहिजे, एवढीच अट.

वऱ्हाडी_ठोकळा
आमचे आजोबा जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्यात लाकूड धरत. ना व्हाइस, ना टेबल. दोन्ही पाय म्हणजे दोन क्लॅम्प. अर्थात आमचे गुडघे तसे वळत नाहीत आता.

मेकॅनिकल_ब्रँच
आजोबांना नमस्कार. त्या पायांना पन्नास वर्षांचा सराव होता.

बे_एरिया_बापू
थोडं विषयांतर. इथे अमेरिकेत बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७९ पासून हत्यारं उसनी मिळतात, पुस्तकांसारखी. ड्रिल, करवत, शिडी, न्यायची, वापरायची, परत द्यायची. आपल्या सोसायट्यांत असं का नसावं? चाळीस फ्लॅटांत चाळीस ड्रिल, आणि प्रत्येक ड्रिल वर्षातून पंधरा मिनिटं चालणार.

आणि एक सावधगिरी: इथून कुणी पाहुणा वायरवाली यंत्रं आणतो म्हणाला तर नको म्हणा. इथली वीज १२० व्होल्टची, तुमची २३०. मी मेव्हण्यासाठी प्रेमाने ड्रिल नेलं, त्याने बटण दाबलं आणि दोन सेकंदांत धूर. मला आधी कळायला हवं होतं.

डोंबिवली_फास्ट
बापू, आमच्या सोसायटीत आहे! ऑफिसशेजारच्या कपाटात एक ड्रिल, एक शिडी, बिटांचा डबा आणि एक वही. सही करून न्यायचं. पहिल्या वर्षी तीन बिटं हरवली, मग नियम केला की बिटं ज्याची त्याने आणायची. तेव्हापासून सुरळीत चाललंय. खंडेनवमीला त्या कपाटाची पूजा होते, आणि बिल्डिंगमधली मुलं आपापल्या कंपासपेट्याही तिथे आणून ठेवतात.

अनघा_सांगली
ड्रिलच्या बॅटरीबद्दल विचारायचं होतं. १८ व्होल्ट आणि २० व्होल्टमध्ये दुकानदार हजार रुपयांचा फरक सांगतोय.

मेकॅनिकल_ब्रँच
दोन्ही एकच असू शकतं. आत पाच सेल एकामागे एक, प्रत्येक ३.६ व्होल्टचा, म्हणजे १८. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या तेच पाच सेल २०-२१ दाखवतात, म्हणून डब्यावर "२० मॅक्स" छापतात. त्या आकड्यासाठी पैसे देऊ नका. बॅटरी किती अँपिअर-तासांची, म्हणजे किती वेळ पुरणारी आहे आणि गावात सुटी मिळते का, ते विचारा.

मीनल_ठाणे
एक राहिलं. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालू नका. संरक्षण वाटतं, पण बिट मोज्याचा धागा पकडतं आणि बोट सोबत ओढतं. ओढणी, मंगळसूत्र, सैल बाही, मोकळे केस, सगळं आधी आवरा. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) कापत असाल तर मास्कही लावा, ती धूळ फार बारीक असते.

गॅलरीतला_सुतार
(दोन महिन्यांनी)
मंडळी, उशीर झाला, पण काम करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

पेटी घेतली नाही, ग्राइंडर घेतला नाही. घेतलं ते असं: चार क्लॅम्प, छोटा व्हाइस, रमाताईंची करवत, दोन पटाशा, एक रंधा, गुण्या, टेप, हातोडी, दोन डिसमिस, आणि १३ मिमीचं वायरवालं ड्रिल. काचेचा तुकडा दुकानदाराने असाच दिला. सगळं मिळून दहा हजारांच्या आत बसलं. उरलेल्यात टिंबर मार्केटमधून जुन्या दरवाजाच्या चौकटीचं सागवान आणलं.

पहिले तीन रविवार फक्त धार लावली. फणसदादा, तुम्ही सांगितलेला तो काठ पहिल्यांदा अंगठ्याला लागला तेव्हा बायकोला हाक मारून दाखवला. तिलाही लागला.

फळ्या लागल्या. भुकटी पांढरी निघाली, मीनलताई, एएसीच होती. पंखवाले प्लग शोधायला तीन दुकानं फिरलो.

आईचं स्टूल झालं, पण डुगडुगत होतं. एक पाय लांब वाटला म्हणून कापला, मग दुसरा लांब वाटला. दोनदा कापून थांबलो. उपाय सांगा, तिला अजून बसू दिलेलं नाही.

कोकणी_फणस
थांबलात ते उत्तम केलंत. नजरेने कापत राहिलात तर स्टुलाचा पाट होतो.

स्वैपाकघरातल्या ओट्यावर ठेवा, तो सपाट असतो. जो पाय अधांतरी आहे त्याखाली लाकडाच्या पातळ चिपट्या सरकवा, बैठक चारी बाजूंनी समतल होईपर्यंत. ओट्यापासून बैठकीच्या चारी कोपऱ्यांची उंची टेपने मोजा, सारखी आली पाहिजे. आता एक ठोकळा घ्या, सर्वांत मोठ्या फटीपेक्षा किंचित उंच. त्यावर पेन्सिल आडवी ठेवा आणि ठोकळा ओट्यावरून सरकवत प्रत्येक पायाभोवती चारी बाजूंनी रेघ ओढा. चारही पाय त्या रेघेवर कापा, जो बरोबर वाटतोय तोसुद्धा. शेवटी तळाच्या कडा कानशीने जरा मारून घ्या, म्हणजे ओढताना लाकूड चिरत नाही.

गॅलरीतला_सुतार
केलं. बसलं. चारही पाय टेकले, हाताने दाबून बघितलं, हलत नाही.

अनघा_सांगली
अभिनंदन! माझ्या सासूबाईंसाठीही करायचंय. उंची किती ठेवली?

गॅलरीतला_सुतार
आईला खुर्चीवर बसवून गुडघ्याच्या मागच्या लवणीपासून जमिनीपर्यंत मोजलं, साडेपंधरा इंच आलं. ती पूजेला अनवाणी बसते, म्हणून अनवाणीच मोजलं. दोनदा कापल्यामुळे आता पंधरा आहे, पण वर ती लोकरीचं आसन टाकते, त्याने भरून निघालं. तुमच्याकडे आसन घालणार असाल तर त्याची जाडी आधीच वजा करा. आज सकाळी ती बसली, आणि उठताना देव्हाऱ्याच्या कडेला हात न लावता उठली.